पेन्सिलीतल्या सह्या

तात्या टोपे नगर, भोपाळ
शनिवार, १४ नोव्हेंबर १९५९

प्रिय दादा,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. आईचे गुडघे कसे आहेत, वहिनीचा खोकला कमी आहे का, मुलं काय करतात, यातलं काही त्यात नाही. ‘मराठी वर्गाच्या यादीवर माझी सही शाईत कशी? उलट टपाली खुलासा पाठव.’ एवढंच, आणि खाली पूर्ण नाव, का. वि. वझलवार. बहिणीला लिहिताना तू आडनावासकट सही करशील असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि खुलासा! हा शब्द तू ऑफिसात उशिरा येणाऱ्या चपराश्यांना लिहितोस. तसले दोन-तीन मसुदे तू माझ्याकडूनच स्वच्छ करून घेतले होतेस, म्हणून मला माहीत. मी खुलासा देणार आहे, पण उलट टपाली नाही जमलं. दोन दिवस मी फार रागात होते आणि रागात काहीतरी खोटं लिहून बसेन अशी भीती वाटत होती. आज बघते तर राग तेवढाच आहे. तेव्हा तो असतानाच लिहिते, फक्त प्रत्येक वाक्य दोनदा वाचून पुढे जाते. नमस्कार मुद्दाम लिहिलेला नाही. शेवटपर्यंत आला तर लिहीन.

काल मी शेजारच्या नलिनीताईंना तुझं पत्र दाखवलं. तू रजेवर नागपूरला गेल्यापासून मी झोपायला त्यांच्याकडेच जाते, त्यांच्यापासून काही लपवून त्यांच्या घरात राहणं मला जमत नाही. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “काशिनाथरावांना पत्र लिहायची सवयच गेलेली दिसते, सगळं टिपणीसारखं लिहितात.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “कमल, तू उत्तर लिहिताना टिपणी लिहू नकोस. पहिल्यापासून लिही.” म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुला यातलं बरंचसं माहीत आहे. तरी वाच. तुला माहीत आहे ते माझ्या बाजूने कसं दिसलं, ते तू कधी विचारलं नाहीस.

छप्पन सालच्या ऑक्टोबरच्या शेवटी आपण नागपूर सोडलं. राज्य मोडलं, नागपूर मुंबईकडे गेलं आणि तुमचं सचिवालय कपाटांसकट भोपाळला निघालं. त्या गाडीत माणसांपेक्षा फायलींच्या पेट्या जास्त होत्या. इटारशीला गाडी तीन तास अडकली तेव्हा तुझा बाळू रडून लाल झाला होता, आणि दत्तू मेश्रामने त्याला खांद्यावर बसवून पूर्ण फलाट फिरवून आणला होता. दत्तू तुझ्या शाखेतला चपराशी. त्याची बायको आणि मुलगी सिंधू मागच्या डब्यात होत्या. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती आणि दत्तू पेट्यांवर बसून ते सगळं तुला सांगत होता, आणि तू ऐकत होतास. मला तुझा किती अभिमान वाटला होता ते सांगता येत नाही. इथे आल्यावर तुम्ही बाबू लोक या क्वार्टरांत आलात आणि चपराशी मागच्या ओळीत, एका खोलीच्या घरांत. मध्ये एक नाला आणि काळ्या मातीचा चिखल. चप्पल त्यात गेली की हाताने ओढून काढावी लागायची.

मग शाळेचा प्रश्न आला. तुझी वंदना हिंदी शाळेत जाऊ लागली आणि रोज सकाळी तिचं पोट दुखू लागलं. सिंधू तिच्याच वर्गात होती. ती पहिलं वर्षभर त्या शाळेत ‘हाजिर’ याशिवाय एक शब्द बोलली नाही, हे तिच्या बाईंनीच मला सांगितलं. त्या बाई वाईट नव्हत्या. साठ मुलांत त्या तरी काय करणार? तेव्हा आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत तूच उभा राहिलास. सरकारकडून अनुदान मागू, एक शिक्षिका, दोन खोल्यांचं भाडं, पाट्या-फळा एवढं मिळालं तर आपला मराठी वर्ग आपण चालवू, असं तू म्हणालास. आणि अर्ज कमल लिहील, असंही तूच म्हणालास. मी घाबरून नाही म्हणत होते. मी कधी शाळेची पायरी चढलेली मुलगी नाही. हिंगणघाटला त्या लांबलेल्या तापानंतर माझे पाय धड चालत नव्हते आणि तू मला घरीच बसवून मुळाक्षरांपासून मॅट्रिकपर्यंत शिकवलंस. मला वाटायचं, ज्या बाईने वर्ग म्हणजे काय ते पाहिलं नाही, तिने वर्गासाठी अर्ज कसा करावा? तू म्हणालास, “अर्ज हा वर्गात शिकून येत नाही, बावळट. नियम वाचून येतो.”

तर मी नियम वाचले. तुझ्या पेटीत नागपूरचं अनुदानाच्या नियमांचं पुस्तक होतं, ते मी पूर्ण वाचलं, प्रत्येक कलमाचा आकडा समासात घालून तीन प्रतींत अर्ज केला, आणि सहा महिन्यांनी तो जसाच्या तसा परत आला. मी स्वतः विचारायला गेले. अनुदानाच्या कार्यालयातले मोठे बाबू इथलेच, जुन्या भोपाळचे. पान खात होते. म्हणाले, “बहनजी, आपका नागपुर तो बंबईवाले ले गए, उसकी किताब हमें क्यों दिखा रही हैं?” सगळी खोली हसली. मला इतकी शरम वाटली की मी घरी येऊन नीट जेवले नाही. तू मात्र खो-खो हसलास, आणि मग पुढचे आठ दिवस ऑफिसातून येऊन माझ्याबरोबर नवे नियम वाचलेस. ते दिवस मला फार आवडले होते. तू त्यातलं काही विसरला असशील असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच तुझ्या त्या दोन ओळींचा राग येतो.

नव्या नियमांत आकडा होता चाळीस. एका भाषेची चाळीस मुलं असतील तर शिक्षिका मिळेल. प्रत्येक पालकाने लिहून द्यायचं की आम्ही इथे कायम राहणार आहोत आणि मूल तीन वर्षं याच वर्गात ठेवू. मी मुलं मोजली. तीनदा मोजली, कारण पहिल्यांदा एकेचाळीस आली होती आणि ती पांडे मास्तरांच्या भाच्याला धरून होती, तो फक्त सुटीला आला होता. बरोबर चाळीस. बावीस आपल्या क्वार्टरांतल्या बारा घरांतली, अठरा मागच्या ओळीतली. नलिनीताई म्हणाल्या, देवाने मोजून पाठवली आहेत. मला मात्र त्या चाळिसाची धास्ती वाटत होती. एक जरी कमी झालं तर काही उरत नव्हतं.

गेल्या वर्षीचा, चोवीस ऑगस्टचा रविवार. तू म्हणालास, माझ्या घरापासून सुरुवात कर, मी अध्यक्ष आहे. मी दौत आणि टाक पुढे केला. तू खिशातली पेन्सिल काढलीस. मला वाटलं, आधी नाव तपासतो आहेस. तू पेन्सिलीने सही केलीस, वंदनासाठी एक, बाळूसाठी एक, आणि म्हणालास, “सध्या असू दे अशीच.”  पुढे मी पलीकडच्या क्वार्टरात सुभाषरावांकडे गेले. त्यांनी तुझी सही पाहिली आणि टेबलावरची पेन्सिल शोधायला लागले. त्यांच्यानंतरचेही तसेच. बाराही घरांत एकानेही शाई लावली नाही. कारण मला कोणी सांगायला नको होतं. तुम्हा सगळ्यांचे ऑप्शनचे अर्ज पडलेले होते, आम्हाला मुंबई राज्यात घ्या, आमचं घर नागपूरला, आमची मुलं-माणसं नागपूरला. आणि इथे लिहून द्यायचं की आम्ही भोपाळचे कायमचे! दोन कागद एकाच फायलीत आले तर? म्हणून पेन्सिल. वर्गही हवा आणि ऑर्डर आली तर रबरही हवं. सुभाषराव तर हसत म्हणाले, “कमलताई, मुंबईची ऑर्डर आली ना, तर तुमच्या शाईला टिपकागदसुद्धा पुरा पडायचा नाही.”

मग मी नाला ओलांडून मागच्या ओळीत गेले. दत्तूला मी, वेंधळेपणाने, सवयीने, पेन्सिलच दिली. त्याने ती हातात फिरवून बघितली. म्हणाला, “पेन्सिल कशाला बाई? आमाले कुठं जायचं हाय? आमचा अर्ज वर कोन पाठवते?” आणि टाक मागून घेतला. त्याने सही करायला नागपूरलाच शिकून घेतली होती. दत्तू गोमाजी मेश्राम, पूर्ण नाव, हळूहळू, आणि शाई वाळेपर्यंत कागद धरून उभा राहिला. अठरा मुलांच्या पालकांच्या सह्या शाईत, दोन अंगठे, तेही शाईत. तुम्हा बावीस मुलांच्या शिकलेल्या पालकांच्या पेन्सिलीत. मी यादी घरी आणून टेबलावर ठेवली तेव्हा तिच्याकडे पाहून मला हसू आलं नाही आणि तू मात्र म्हणालास, बघू काय म्हणतात ते.

ते काय म्हणाले, तुला माहीत आहे. मोठ्या बाबूंनी सोमवारी कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, “पेन्सिल का कागज फाइल में नहीं लगता, बहनजी. शनिवार एक बजे तक स्याही में ले आइए, नहीं तो अगले साल.” पाच दिवस. त्याच संध्याकाळी मी दौत घेऊन पुन्हा बाकीच्या अकरा घरांत गेले. काय काय ऐकलं ते आता लिहीत नाही. एकीने दार उघडून, अहो ते घरी नाहीत, म्हणून सांगितलं आणि आतून ते खोकले. पण सगळे शेवटी एकच विचारत होते: काशिनाथरावांची आहे का? मी म्हणायचे, आहे, पहिलीच आहे. ती शाईत होईल का? होईल. तुझ्या नावावर त्यांनी शाई लावली, दादा. सुभाषरावांनी टाक उचलताना शब्दच असे काढले की, “ते राहतायत ना? मग आमचं काय जातंय?” मी होय म्हटलं, कारण मला खरंच तसं वाटत होतं. तोपर्यंत मी एक शब्द खोटा बोलले नव्हते.

आता मंगळवारचं लिहिते. आपण दोघं याबद्दल कधी बोललो नाही, एक वर्षाच्या वर झालं. मंगळवारी सकाळी वहिनी पोळ्या लाटत होती आणि मी तिला नावं वाचून दाखवत होते. तिने विचारलं, “वंदनाच्या शेजारी कोण बसणार?” मी वय बघून रांगा लावल्या होत्या. म्हटलं, सिंधू, दत्तूची. दोघी एकाच इयत्तेत आहेत. वहिनीचं लाटणं थांबलं. पोळपाटावरची पोळी तशीच राहिली. तू दाढी करत होतास, आरशात तुझा चेहरा मला दिसत होता.  मी वाट पाहिली की तू काहीतरी बोलशील. इटारशीच्या फलाटावरचा माणूस आता बोलेल असं मला वाटत होतं. दाढी झाली, तू तोंड पुसलंस आणि बाहेर पडताना मला म्हणालास, “कमल, माझ्या दोन सह्या खोडून टाक. ऑप्शनच्या भानगडीत पडायला नको.” मी म्हटलं, ऑप्शन तर रविवारीही होतं. तू म्हणालास, “वाद घालू नकोस.” आणि त्याच दिवशी साहेबांबरोबर जबलपूरला गेलास.

मी वहिनीला दोष देत नाही. तिने निदान मोठ्याने विचारलं. आणि मी स्वतः तरी काय केलं? तिला मी उलट विचारायला हवं होतं की सिंधू शेजारी बसली तर काय होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी यादी घडी करून आत गेले. हे मी माझ्याविरुद्ध लिहिते आहे, ते तसंच वाच. पण तुला माफ करण्यासाठी हे पुरत नाही. रविवारी तू पेन्सिलीने सही केलीस तेव्हा तुला ऑर्डरची भीती होती, ती मला कळते. मंगळवारी तू खोडायला सांगितलंस तेव्हा भीती वेगळी होती, आणि तिला तू ऑप्शन असं नाव दिलंस. मला घरी शिकवताना तू म्हणायचास, जे लिहायला लाज वाटते ते करू नये. मग त्या दिवशी तू खरं कारण का नाही बोललास? माझ्यापुढे? मला दुसरा मास्तर नव्हता, दादा.

तर आता खुलासा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी दोन दुसरी मुलं शोधत होते. जवाहर चौकातल्या दुकानदारांत एक मराठी शिंपी आहे असं कोणी सांगितलं म्हणून तिथेही गेले, त्याला मूलबाळ नव्हतं. शहराबाहेरच्या नव्या कारखान्याकडे लोक येतायत म्हणून तिकडे जायचं ठरवलं, ते लांब, बस नव्हती. शनिवारी सकाळी टेबलावर यादी, दौत आणि रबर असं तिन्ही ठेवून मी बसले. रबर मी हातात घेतलं होतं. तुझं नाव काढलं की अडतीस. आणि अडतीसही राहणार नव्हते, कारण पहिलं नाव गेलेलं दिसलं की सुभाषराव आणि बाकीचे दुपारच्या आत येऊन आपापलं नाव काढून नेणार होते. राहणार होते अठरा, ज्यांनी रबराचा विचारही केला नव्हता. मी रबर खाली ठेवलं, टाक घेतला आणि तुझ्या पेन्सिलीवरून शाई फिरवली. दोन्ही सह्यांवरून. मला ते अवघड गेलं नाही. मी लिहायला शिकले तेच असं, तू पेन्सिलीने अक्षरं काढून द्यायचास आणि मी त्यावरून बोरू फिरवायची. माझं अक्षर आणि तुझं अक्षर कोणाला वेगळं ओळखता येत नाही. त्या दिवशी मलाही आलं नाही. बारा वाजता मी कागद दिला, आणि घरी येऊन अंग तापलं म्हणून दोन दिवस पडून राहिले. तू जबलपूरहून आल्यावर माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणालास, एवढं जिवाला लावून घेऊ नये. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

दिवाळीत वहिनी मुलांना घेऊन नागपूरला गेली आणि तिकडेच राहिली. जानेवारीत अनुदान मंजूर झालं आणि शिक्षिकेच्या जागेवर मला नेमलं. तू पेढे आणलेस. मला पेढा देताना तू काय म्हणालास आठवतं? “बघ, माझ्याशिवाय झालं की नाही?” त्या वेळी तुझ्या तोंडावर पेढ्यांचा पुडा फेकावा असं मला वाटलं. मी पेढा खाल्ला. भित्री आहे मी, हे तुला माहीतच आहे.

वर्ग कसा चालला ते तू कधी येऊन पाहिलं नाहीस, म्हणून थोडं सांगते. पहिल्या महिन्यात मी रोज घाबरून जायचे. मुलांपुढे उभं कसं राहायचं तेच मला ठाऊक नव्हतं, तर मी त्यांच्यात बसले आणि तू मला शिकवायचास तसं एकेकाला शिकवलं. सिंधू तिसऱ्या आठवड्यात बोलली. बोलली म्हणजे भांडली, सुभाषरावांच्या मुलीशी, पाटीवरून, आणि असं भांडली की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून गेली. आता तिला गप्प करावं लागतं. त्या दोघी एकमेकींशेजारीच बसतात. सुभाषरावांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, रांगा बदलता येतील का म्हणून. मी म्हटलं, नाही येणार. एवढं एक वाक्य मी या वर्षात न घाबरता बोलले आहे.

आणि हजेरी. तुझ्याकडे हे प्रकरण गेलं ते तिथूनच. तुझ्या दोन मुलांची नावं पटावर होती, कारण यादीत होती. मी रोज ती वाचायचे आणि रोज दोघांपुढे गैरहजर लिहायचे. जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत, एक दिवस न चुकता. दुसरी कोणी असती तर हजर लिहून मोकळी झाली असती. माझ्या मनातसुद्धा आलं नाही ते. सप्टेंबरच्या शेवटी निरीक्षणाला एक बाई आल्या, पांढऱ्या साडीतल्या, फार शांत. त्यांनी पट चाळला आणि विचारलं, ये दो बच्चे पूरे साल कहाँ रहे? मी म्हटलं, नागपूर में. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “आपने लिखा क्यों? कोई देखता थोड़े ही.”  त्यांनी आपल्या वहीत टिपून घेतलं, आणि ती टिपणी फिरत फिरत तुझ्या ऑप्शनच्या फायलीत जाऊन बसली. आता तुला विचारतायत की मुलं कायमची भोपाळला असं लिहून दिलं असताना अर्जात नागपूर कसं. आणि तू मला विचारतोस.

सोबत एक वेगळा कागद आहे. त्यावर लिहिलंय की काशिनाथ विष्णु वझलवार यांनी सही खोडण्यास स्पष्ट सांगितलं असताना तीवर शाई मी, कमलिनी विष्णु वझलवार, त्यांच्या गैरहजेरीत फिरवली, त्यात त्यांचा काही दोष नाही. वहिनीचं आणि वंदनाच्या शेजारचं त्यात काही लिहिलेलं नाही. ते सरकारी कामाचं नाही, ते या पत्रात आहे आणि इथेच राहील. तो कागद तुझ्या फायलीत लागला की तुझं अडलेलं सुटेल. माझी शिक्षिकेची जागा जाईल, त्यापुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्याचा विचार मी करत नाही. वर्ग राहील. जूनपासून कारखान्याकडची सहा मुलं आली आहेत. तुझी दोन वगळून आज चव्वेचाळीस आहेत, मी तीनदा मोजली आहेत. सर्व सह्या त्यांच्या आईबापांच्याच. नलिनीताई नवी शिक्षिका येईपर्यंत वर्ग धरणार आहेत.

तू म्हणशील, एवढाच खुलासा होता तर दोन ओळींत का नाही लिहिला. हे लांब पत्र मी का लिहिलं ते सांगते. त्या कागदाची दुसरी प्रत मी स्वतः घेऊन सोमवारी अकरा वाजता कार्यालयात जाणार आहे, आणि हे पत्र जाताना जवाहर चौकातल्या पेटीत टाकणार आहे. तुला ते बुधवारी मिळेल. त्याआधी सगळं झालेलं असेल. मी आधी तुला कागद पाठवून तू काय करतोस याची वाट पाहिली असती, तर तू एक तर तो फाडला असतास आणि स्वतःचं काम बिघडवून घेतलं असतंस, नाही तर पाकिटात घालून साहेबांकडे पाठवला असतास. दोन दिवस मी हाच विचार करते आहे की यातलं कोणतं. दादा, मला ते कधीच कळायला नको आहे. म्हणून मी तुला वेळ ठेवला नाही.

आईला आणि वहिनीला नमस्कार. मुलांना आशीर्वाद. तुलाही नमस्कार, लिहिताना हात थांबला होता, पण लिहिला.

रागावलेली, तरी तुझीच,
कमल